डावऱ्याचा टाका

सरहद्दीच्या नाक्याजवळ ट्रकच्या सिटा बनवणारे सात-आठ जण होते, पण ड्रायव्हरांची गर्दी असायची ती दादाच्या दुकानात. कारण दादा स्वतःच मोठ्या तोऱ्यात सांगे, "बाकीच्यांकडे नुसता उजवा हात. माझ्याकडे उजवाही आहे आणि डावाही!" डावा हात म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. त्याचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. गल्लीत सगळे त्याला डावरा म्हणत.

ट्रकची लांब सीट दोन लाकडी घोड्यांवर आडवी टाकायची. स्प्रिंगांवर गोणपाट, गोणपाटावर काथ्या, त्यावर रेक्झिन ताणायचं आणि वाकड्या सुईने कड शिवत न्यायची. एकट्याला या कामाला अख्खा दिवस लागे. हे दोघे दोन टोकांना बसत, मेण लावलेला दोरा ओढत एकमेकांकडे सरकत आणि जेवणाच्या आत मधोमध भेटत. दादाचे टाके उजवीकडे कललेले, डावऱ्याचे डावीकडे. आधी पोचेल त्याने दुसऱ्याला टपली मारायची, असा नियम होता. दादाच्या म्हणण्यानुसार टपल्या त्यानेच जास्त मारल्या. दादाची बायको मात्र हे ऐकून नुसती हसते.

ते दिवस आठवले की दादा आजही खुलतो. नाका म्हणजे तेव्हा एक आडवा बांबू आणि तो वर करायला कंटाळणारा एक शिपाई. पलीकडचे ड्रायव्हर सीट शिवून होईपर्यंत दुकानातच आडवे व्हायचे. त्यातला एक जाडा ड्रायव्हर बसला की नवी स्प्रिंगसुद्धा रडायची. तो स्वतःच म्हणायचा, "दादा, माझ्या बाजूला चार स्प्रिंगा जास्त टाक, बायकोच्या बाजूच्या काढ." त्याच्या गप्पा ऐकता ऐकता दादाची सुई कितीदा बोटात गेली असेल!

मग डोंगरात बंदुकवाले आले. त्यांना वेगळं राज्य हवं होतं म्हणे. एका पहाटे त्यांनी पूल उडवला. बांबूच्या जागी लोखंडी फाटक आलं, वाळूची पोती आली, जवान आले. डोंगरातल्या वाटेने पांढरी पावडर येते आणि तिच्याच पैशावर बंदुका विकत घेतल्या जातात, हे गल्लीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. प्रत्येक ट्रक थांबवून जवान सिटांमध्ये लांब सळया खुपसून बघू लागले. भोकं पडलेल्या सिटा मग दादाकडे. काम इतकं वाढलं की डावरा म्हणायचा, "दादा, एक सळई आपण त्यांना भेट देऊया का?"

हसण्याचे दिवस फार टिकले नाहीत. जाड्या ड्रायव्हरचा मुलगा त्या पावडरीच्या नादी लागला आणि एक दिवस गॅरेजमागे मरून पडलेला सापडला. बापाने त्याला आणायला जाताना गाडी नेली नाही, खांद्यावर घेऊन आला. नंतर तो दुकानात आला, दोन तास बसला आणि उठून निघून गेला. पुन्हा आला नाही.

त्यानंतर चार महिन्यांनी नाक्यावरच्या साहेबांनी दादाला बोलावणं धाडलं. डावरा तेव्हा रेक्झिन आणायला बाजारात गेला होता. नाक्यावरच्या खोलीत टेबलावर एक सीट उलटी ठेवली होती, खालची शिवण कापलेली. शेजारी पावडरीच्या पुड्यांचा ढीग. त्या अगदी चौकटीच्या कोपऱ्यात, जिथे सळई कधीच पोचत नाही, तिथे बसवल्या होत्या.

"दादा, तुम्ही जाणकार. हे काम कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

दादाने वाकून शिवणीवरून बोट फिरवलं. एकसारखे, बारीक, डावीकडे कललेले टाके. सळई कुठे पोचते आणि कुठे नाही, हे रोज भोकं बुजवणाऱ्यालाच कळणार. पण दादाला त्या क्षणी भलताच राग आला. अरे गाढवा, चोरीचं काम होतं तर दोन टाके वाकडे घालायचे होतेस! कुणी ओळखलं नसतं. पण वाईट टाका घालणं त्या हाताला जमलंच नव्हतं.

"वेळ घ्या," साहेब म्हणाले. "तुमचं नाव बाहेर येणार नाही."

नाही म्हणणं सोपं होतं. दादाच्या डोळ्यांसमोर मुलाला खांद्यावर घेतलेला तो जाडा माणूस आला. "माझ्या भावाचं," तो म्हणाला, आणि बाहेर पडला.

डावऱ्याने लगेच कबूल केलं. पहिल्यांदा डोंगरातल्या लोकांनी धमकावलं म्हणून शिवलं, नंतर सवयीने. आठ वर्षांची शिक्षा झाली. कुणी ओळखलं, हे त्याने ना साहेबांना विचारलं, ना दादाला.

दादा दर महिन्याला तुरुंगात भेटायला जायचा. जाताना बसमध्ये ठरवायचा, आज सांगून टाकायचं. जाळीसमोर बसला की भलतंच बोलणं निघायचं. मग थंडी किती पडली, काथ्या कसा महागला, गुडघे कसे दुखतात. बायको म्हणायची, "सांगून टाका हो एकदाचं." तो म्हणायचा, "त्याने तोंड फिरवलं तर माझं उरलं कोण?" दुकानात तो आता एकटाच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिवत जाई. संध्याकाळ व्हायची. मधोमध आला की हात आपोआप थांबायचा.

सुटून आला त्या दिवशी डावरा घरात चहा पिऊन सरळ दुकानात गेला. घोड्यांवर अर्धी शिवलेली सीट होती. केस पांढरे झाले होते, तरी बसला तो आपल्याच टोकाला. दादा समोर बसला. सुईत दोरा जाईना.

"साहेबांना मी सांगितलं होतं," दादा म्हणाला. "तुझं नाव. मीच."

डावऱ्याने दोरा मेणावरून ओढला. "माहीत आहे मला. साहेब दारात आले तेव्हाच कळलं. माझा टाका ओळखणारा इथे दुसरा आहे कोण?"

"मग... रागावला नाहीस?"

"सांगितलंस त्याचा नाही रागावलो. मी केलं होतं तसलं काम, तू काय करणार?" त्याने मान वर केली. डोळे भरले होते. "पण दर महिन्याला यायचास आणि थंडीचं बोलून निघून जायचास ना, त्याचा राग आला. मी वाट बघायचो, दादा. म्हणायचो, आज सांगेल. शहाण्णव वेळा आलास तू."

दादाने सीटवर डोकं टेकलं आणि तो मोठ्याने रडू लागला. डावऱ्याने त्याला रडू दिलं.