विलायती राहुटी आणि महिपतराव

…तर कढईतलं पाणी तिसऱ्यांदा बदललं तरी वर मेणचट तवंग येतच होता, इथवर काल सांगून झालं आणि जेवायची हाक आली. पण काल जे नव्हते त्यांना आधी थोडं सांगायला हवं, नाहीतर कढई कोणाची आणि तवंग कसला, काही कळायचं नाही.

कढई लष्कर ह्या आमच्या शहरातल्या फरासखान्यातली. दरबारचे तंबू, कनाती, शामियाने जिथं शिवायचे, दुरुस्त व्हायचे, ते हे खातं. साल एकोणीसशे छत्तीस, वैशाख महिना, आणि बाहेर गरम वाऱ्याची अशी लू की वाळत घातलेलं धोतर काढायला जावं तर ते पापडासारखं कडक झालेलं. कढईपाशी आम्ही दोघं. एक मी पांडुरंग, गावच्या शाळेत चार बुकं शिकून आलेला, चोवीस वर्षांचा. दुसरे महिपतराव, आमचे मुख्य कारागीर, पन्नाशीला आलेले. गोष्ट त्यांचीच आहे.

महिपतरावांचे आजोबा दक्षिणेतून फौजेबरोबर आलेले, वडील पागेत. पण ह्यांना घोड्याची भीती! ते स्वतःच सांगायचे, "घोडा माझ्याकडे बघून हसतो, पांडुरंगा." म्हणून पंधराव्या वर्षी लगामाऐवजी सुई धरली, आणि काय धरली! डोळे मिटून कापड चिमटीत घ्यायचे आणि सांगायचे, हे पाच पावसाळे जाईल, हे दोन. मेख ठोकण्याआधी माती चोळून तिचा वास घ्यायचे. एकदा शिवपुरीकडे शिकारीच्या मुक्कामावर वावटळ आली, सगळा तळ आडवा झाला. महिपतरावांनी उभे केलेले नऊ तंबू तेवढे जागच्या जागी. नवव्यात त्यांचा चहा उकळत होता. तोही सांडला नाही.

आता मानसिंगराव सरकार. सरदार घराण्यातले, विलायतेत शिकून आलेले, आणि तिथं त्यांना डोंगर चढायचा नाद लागलेला. पुस्तकांतली चित्रं काढून आम्हाला दाखवायचे: हा आल्प्स, हा जपानातला बर्फाचा डोंगर, ही न्यूझीलंडमधली पायवाट, लोक आठ-आठ दिवस चालतात.

महिपतरावांनी विचारलं, "वर देऊळ कोणाचं, सरकार?"

"देऊळ नाही. वर जायचं आणि खाली यायचं."

"मग नवस कशाचा?"

सरकार इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाले, "महिपतराव, तुम्ही चलाच माझ्याबरोबर. पिंडारीची हिमनदी बघायला जायचंय, कुमाऊँत."

सामान विलायतेहून आलं. तळाला खिळे मारलेले बूट, पाठीवर बांधायचे पिट्ठू, बर्फात पायऱ्या खोदायची कुऱ्हाड, काळे चष्मे. आणि एक राहुटी, चार माणसं झोपतील अशी, पण घडी केली की एका हमालाच्या पाठीवर जाईल. आमच्या राहुटीला दोन खेचरं लागायची. महिपतरावांनी ती दोन बोटांनी उचलली आणि त्यांचं तोंड उतरलं. मला वाटतं, सगळं तिथंच सुरू झालं. दुसऱ्याच्या हातचं काम आपल्याहून हलकं निघालं, हे त्यांना बोचलं.

राहुटीच्या आत एक छापील कागद टाचलेला होता, इंग्रजीत. तेव्हा भालचंद्र मास्तर तिथं होते. इंदरगंजात मुलांना शिकवायचे, सरकारांचे स्नेही, तेही येणार होते. म्हणाले, "महिपतराव, आणा इकडे, वाचून दाखवतो."

"तंबूचं काय वाचायचं, मास्तर? तंबू हाताला कळतो. तुम्ही पोरांची पुस्तकं वाचा."

मास्तर हसले. "बरं बुवा, हाताचं शिक्षण मोठं!" आणि गेले.

महिपतरावांनी कागद काढून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "कढई चढव."

आमच्याकडे रीतच होती. कोरं कापड आधी पाण्यातून काढायचं, म्हणजे वीण आवळते, मग ते उभं करायचं. पण विलायती कापड चिकट होतं, त्याला चरबीसारखा वास येत होता. "देवभूमीत जायचं आणि असल्या घाणीखाली झोपायचं?" असं म्हणून त्यांनी कढईत रिठे टाकले, वर मूठभर धुण्याचा सोडा. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. तिसऱ्या पाण्यानंतर त्यांनी कापड चिमटीत घेतलं, डोळे मिटले, आणि जरा थांबले. जरा म्हणजे एक श्वासभर. मी ते पाहिलं. मग म्हणाले, "वाळत घाल."

मी घातलं. विचारलं नाही.

सरकार, मास्तर, महिपतराव आणि मी, असे चौघे निघालो. काठगोदामपर्यंत आगगाडी, पुढे अल्मोडा, बागेश्वर, आणि तिथून पायी. काय ते देवदार, काय ते पाणी! महिपतराव मात्र धोतर खोचून, कोल्हापुरी वहाणा घालून सगळ्यांच्या पुढे. सरकार ओरडायचे, "अहो, बूट घाला!" हे म्हणायचे, "तुमचे खिळे मोजून होईपर्यंत मी वर पोचतो." नवव्या दिवशी शेवटच्या कुरणात राहुटी उभी केली. समोर हिमनदी.

दुपारी दोनला ढग खाली आले. आधी पाऊस, मग पावसात बर्फ. अर्ध्या तासात माझ्या मानेवर पहिला थेंब पडला. महिपतरावांनी वर हात नेऊन कापड आतून चाचपलं, आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी आजही विसरलो नाही. ती घाण नव्हती. कापडाला पाजलेलं मेण होतं ते, पाणी बाहेर ठेवणारं, आणि ते आम्ही दोघांनी रिठे घालून काढलं होतं.

उजाडेपर्यंत पडत राहिलं. वाऱ्यानं खांब उखडू नये म्हणून महिपतराव त्याला मिठी मारून उभे, आणि स्वतःची घोंगडी त्यांनी मास्तरांवर टाकलेली. पण सगळं पाणी मास्तरांच्याच बाजूला साचत होतं. भिडस्त माणूस, बोलला नाही. सकाळी बूट काढला तर डाव्या पायाची दोन बोटं काळीनिळी. अल्मोड्याला डॉक्टरांनी ती कापली.

आणि लष्करला परतल्यावर झालं काय? महिपतरावांचा जयजयकार! खांब धरून चार जीव वाचवले म्हणून. सरकारांनी तर राहुटी गळकी म्हणून तिचा एक तुकडा कापून विलायतेतल्या कारखान्याला खरमरीत पत्रासोबत धाडला. मी गप्प. महिपतराव गप्प.

मास्तर काठी घेऊन बाड्यावर, म्हणजे आमच्या बाजाराच्या चौकात, यायचे आणि भर बाजारात दोन्ही हात जोडायचे. "तुमच्यामुळे वाचलो हो!" महिपतरावांनी बाड्याचा रस्ता सोडला. माधवगंजातून गल्ल्यागल्ल्यांनी फरासखान्यात यायला लागले. घामाघूम होऊन पोचायचे. मी विचारायचो नाही, कारण मला माहीत होतं.

महिपतरावांच्या घरी त्यांच्या पत्नी विजयाबाईंनी मास्तरांना जेवायला बोलावलं. पुरणपोळी केलेली. मास्तर पाटावर बसताना म्हणाले, "वहिनी, आता आठच बोटं. पाट लहान दिला तरी चालेल." सगळे हसले. महिपतरावांनी घास ताटात परत ठेवला.

विजयाबाई मला आत बोलावून म्हणाल्या, "भावजी, ह्यांना झालंय तरी काय? रोज ती बंडी स्वतः धुतात, मला हात लावू देत नाहीत."

काय सांगणार होतो? माझ्याही तोंडाला कुलूप होतं, आणि किल्ली माझ्याच कनवटीला.

मार्गशीर्षात कारखान्याचं उत्तर आलं. सरकारांनी दिवाणखान्यात पंचवीस-तीस माणसं जमवली. महिपतरावांना शेला-पागोटं द्यायचं होतं, आणि आणखी एक काम होतं. मास्तरांनी पत्र वाचून मराठीत सांगितलं. तुमच्या तुकड्यात मेणाचा अंशही सापडला नाही. हे कापड ज्यानं तयार केलं तो एकतीस वर्षं आमच्याकडे आहे. मेण लावलं असं तो शपथेवर सांगतो, पण आमचा विश्वास उडाला आहे. त्याला तूर्त घरी बसवलं आहे. तुमच्या जाणकाराची जबानी आली की कायमचा काढू आणि आपल्याला नवी राहुटी पाठवू.

"आता लिहून द्या, महिपतराव," सरकार म्हणाले. "ह्या सगळ्या मुलखात तुमच्याएवढा जाणकार नाही. चांगली अद्दल घडू दे त्याला."

महिपतरावांनी मास्तरांना विचारलं, "त्याचं नाव काय लिहिलंय?"

"नाव नाही दिलेलं."

"वय?"

"एकतीस वर्षं नोकरी म्हणजे असेल तुमच्याच वयाचा."

शेला तबकात होता. मी जाजमाच्या नक्षीकडे बघत होतो, मान वर करायची हिंमत नव्हती. मास्तरांनी टाक दौतीत बुडवला आणि मोठ्या प्रेमानं म्हणाले, "सांगा महिपतराव, मी लिहितो. कापडात नेमकी खोट काय होती?"

महिपतरावांचा हात बंडीत गेला. कागद बाहेर आला तो इतक्या वेळा घड्या मोडलेला की मधोमध फाटत आला होता. मास्तरांच्या पुढ्यात तो त्यांनी दोन्ही हातांनी ठेवला आणि म्हणाले,

"खोट कापडात नव्हती, मास्तर. त्या माणसानं मेण लावलं होतं, ते मी धुऊन काढलं. हा कागद तेव्हा तुम्हाला वाचू दिला नाही. आता वाचा. मोठ्यानं वाचा, सगळ्यांना ऐकू जाऊ दे."