फीडर धरत नव्हता

लाईन आल्याबरोबर विहिरीवरची मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून आमच्याकडे जो तो स्टार्टरला ऑटो बसवतो. सोय आहे, नाही म्हणत नाही. पण मी सबस्टेशनात ऑपरेटरचं काम करते, आणि या ऑटोचं नाव काढलं तरी माझं डोकं फिरतं. मोटर चालताना जेवढा करंट घेते त्याच्या कितीतरी पट ती सुरू होताना ओढते. एकेक करून उठली तर कोणाला कळतही नाही. पण फीडरवरच्या, म्हणजे सबस्टेशनातून निघणाऱ्या एका लाईनीवरच्या, सगळ्या एकदम उठल्या की ब्रेकर धाडकन पडतो.

त्या मे महिन्यात सकाळी वाऱ्यानं बाभळीची फांदी तारांवर पडली आणि शेतीचा फीडर गेला. लाईनमननं फांदी काढेस्तोवर ऊन डोक्यावर आलं. मी फीडर लावला. पडला. रिलेवर ओव्हरकरंट दिसत होतं. म्हणजे तार कुठं जमिनीला टेकली नव्हती, लाईन धडधाकट होती. पाण्याची पाळी वाया चाललेली, म्हणून साऱ्या मोटरी टपून बसलेल्या. थोडं थांबून पुन्हा लावला, पुन्हा पडला. अर्धी लाईन तोडून उरलेली तरी चालू करावी, तर मधला स्विच गंजून जाम, तारेनं कायमचा बांधून टाकलेला. कितीदा सांगितलं होतं वर, कोण ऐकतं!

त्याच फीडरवर माझ्या ताईचं पोल्ट्रीचं शेड. पक्षी विक्रीला आलेले. एवढा मोठा झालेला पक्षी उन्हाळा सोसत नाही. पंखे लागतात आणि वरून बारीक पाणी फवारणारा फॉगर लागतो. तिच्याकडे कारंज्याहून आणलेला जुना जनरेटर होता. पंख्यांपुरता तो ओढायचा. फॉगरची मोटर लावली की गुरगुरायचा, दिवे मंद व्हायचे आणि बंद पडायचा. तिकडेही तेच दुखणं. फोनवर मी तिला म्हटलं, फॉगर राहू दे, नुसते पंखे चालव. तिनं चालवले. गरम हवाच फिरून राह्यली म्हणाली, पक्षी चोची उघडून धापा टाकतात.

मग मी फोनावर फोन केले. सरपंचांना सांगून भोंग्यावरून पुकारायला लावलं, ऑटो बंद करा. ज्याला फोन करावा तो म्हणे, एवढ्या उन्हात शेतात कोण जाईल, आणि माझ्या एका मोटरीनं काय होतं? एकजात सगळ्यांचं तेच. ओरडून ओरडून माझा घसा बसला. शेवटी ताईच्या नवऱ्याला, भाऊजींना विचारलं, विहिरीवरचा ऑटो तुम्ही तरी काढला ना?

ते म्हणाले,

"विहीर पार त्या टोकाले हाय. इथं कोंबड्या मरून राह्यल्या, त्या सोडून जाऊ काय? अन् माह्या एका मोटरीनं काय होते?"

राग तर असा आला, आणि काढायचा कोणावर ते कळेना. समोर पॅनल, हाताशी स्विच, लाईनीत काही खराबी नाही, आणि तरी ताईच्या शेडापर्यंत लाईन पोचवता येत नाही. तेवढ्यात साहेबांचा फोन आला, आता पुन्हा लावू नको, ट्रान्सफॉर्मर जाईल. मी खुर्चीत बसले आणि रडले. ताईनं मधे दोनदा फोन केला, तो मी उचलला नाही. तिला सांगायला माझ्याकडे काही नव्हतंच.

ऊन उतरलं तसे लोक शेताकडे निघाले आणि गेले तसे ऑटो काढत गेले. साहेबांना विचारून मी फीडर लावला. पॅनलवरचा करंटचा काटा वर चढला, थरथरला आणि थांबला. धरला एकदाचा. मी ताईला फोन लावणार तोच तिचाच आला. आवाज अगदी साधा होता, त्याचीच मला भीती वाटली.

"लाईन आली वं. जनरेटर काढून शेड लाईनीवर टाकलं, तं फॉगर आपोआप सुरू झाला. त्यालेबी ऑटो हाय ना. मेलेल्यायवर पाणी पडून राह्यलं. बंद करू काय?"

दुपारभर मी अख्ख्या शिवाराला हेच सांगत होते, बंद करा, बंद करा. तिला हो म्हणायला माझं तोंड उघडेना.