डावीकडचा डोंगर

आज सकाळी तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि एकदम वाटलं, आपण कलतोय. घाईने भिंतीला हात टेकवला.

विमान चालवायला शिकत होते तेव्हाची एक सकाळ आठवली. ढग धावपट्टीवर टेकायला आले होते. बाहेर काही दिसणार नव्हतं, नुसती यंत्रं बघून वर जायचं होतं. मांडीवरच्या कागदावर वाट छापलेली होती: दोन हजार फुटांपर्यंत सरळ, मग उजवीकडे. कारण डावीकडे डोंगर होता.

उडालो आणि जमीन पुसली गेली. काचेबाहेर नुसतं पांढरं.

"सर, आपण उजवीकडे कललोय."

शेजारी बसलेल्या सरांनी विचारलं, "कोण म्हणतं?"

"मला जाणवतंय."

"स्वतःला विचारू नकोस. काट्यांना विचार."

काटे म्हणत होते, विमान सरळ आहे. अंग मात्र शपथेवर सांगत होतं, नाही. माझे हात नकळत डावीकडे वळले. सरांनी त्यांवर आपला हात ठेवला आणि विमान सरळ केलं.

ढगांच्या वर ऊन होतं. मागे पाहिलं, तर त्या पांढऱ्यातून डोंगराचा काळा माथा वर आलेला. इतका जवळ, की त्यावरचं वाळकं झाड दिसत होतं.

भीती त्या झाडाची वाटत नाही. मला तिकडे बोलावणारा आवाज माझाच होता, आणि किती मायेचा!

साबण धुऊन डोळे उघडले. आरशात मी अगदी सरळ उभी होते. अंग मात्र अजून म्हणत होतं, जराशी इकडे ये.