बायडाबाईचा उपास आणि भुलीची नळी

"च्या म्हंजी खानं हाय व्हय, डाक्टरीनबाई? संकष्टीला आमी दिसभर च्यावरच काढतो. गनपती कदी म्हनला न्हाई उपास मोडला!"

ऑपरेशन थिएटरच्या दारात उभी राहून बायडाबाई भूल देणाऱ्या डॉ. निकितांना उपासाचं शास्त्र शिकवत होती. शेवगावात तिचं मिरची कांडपाचं मशीन. उजव्या खांद्यावरची चरबीची गाठ लिंबाची पपई होईस्तोवर तिनं लाडानं पोसली, आणि आता उन्हाळी कांडपाआधी ती काढून टाकायला नगर गाठलं.

"नुसता चहाच?"

"खारी बुडवली हुती. पन भिजल्यावं ती पातळच की."

"आणि बीपीची गोळी?"

"उपाशीपोटी गोळी घेत असत्यात व्हय? येवडं कळतं आमाला."

सून मोनिकानं कपाळावर हात मारला. "आत्या, गोळी घ्या, च्या घेऊ नगा, असं सांगितलं हुतं त्यांनी!"

दंडावरच्या पट्ट्यानं एकशे नव्वद दाखवलं. गणपतीनं एवढं मात्र पाहिलं नव्हतं.

"मावशी, मी घशात मऊ मास्क ठेवणार होते," निकिता म्हणाल्या. "तो वरच्यावर बसतो, बीपी फारसं हलत नाही. पण पोटातलं वर आलं तर तो अडवत नाही, ते फुप्फुसात उतरतं. भरल्या पोटी श्वासनळीत नळीच घालावी लागते."

"मंग घाला की. म्या कुटं नगं म्हनते?"

"नळीसाठी आधी पोलादी पातं घालून जीभ उचलावी लागते. त्या रेट्यानं काळीज उधळतं, बीपी उसळतं. तुमचं आधीच चढलंय. डोक्यातली शीर फुटली तर?"

बायडाबाईला घरची बाज आठवली. जाऊबाई झुंबरबाई अर्धं अंग गेल्यापासून बाजेवर होती. तिच्या वाकड्या तोंडात पेज बायडाबाई स्वतःच भरवत होती. आपल्याला कोण भरवणार? मोनिका? मोनिका तर आताच कपाळ बडवत होती.

"ऱ्हाऊ द्या मंग," डॉक्टरीणबाईवर उपकार केल्यागत ती म्हणाली. "बीपी उतरल्यावं येते. गाठ काय पळून चालली न्हाई."

निकितांनी समोर उभं राहून गोळी गिळायला लावली, काही वेळानं पुन्हा पट्टा आवळला, आकडा खाली आल्यावरच सोडलं.

दुपारच्या एसटीनं ती शेवगावात उतरली. मशीनच्या दारात गिऱ्हाईक मिरच्यांची पिशवी घेऊन ताटकळलेलं.

"काय बायडाबाई, झालं का आपरेशन?"

"डाक्टरचीच तयारी न्हाई आजून," तिनं सांगितलं, पदर नाकातोंडावर गच्च बांधला आणि डाव्या हातानं मिरच्या ओतत मशीनचं बटन दाबलं.