बंद केलेल्या स्क्रीनवर चढलेला आकडा

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण आमच्या फाउंड्रीत सगळे माझे आभार मानतात, आणि ते मला सहन होत नाही... म्हणून लिहितोय.

शिरोली एमआयडीसीत मी सॉफ्टवेअरचं काम बघतो. भट्टीसमोर एक मोठा स्क्रीन आहे. ऑफिसातला माझा सी भाषेतला प्रोग्राम त्या स्क्रीनवर चित्र उमटवणाऱ्या डिस्प्ले सर्व्हरशी कनेक्शन उघडतो आणि वितळलेल्या लोखंडाचं तापमान दाखवतो. कनेक्शन बंद केलं की आकडा जातो, स्क्रीन काळा पडतो. म्हणून प्रोग्राममधले बदल सोमवारीच करायचे, सुट्टीला, भट्टी बंद असताना — हा नियम.

त्या सोमवारी आमच्या पेठेतल्या तालमीच्या संघाची फुटबॉल मॅच होती; आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचेच असतात. मी मॅचला गेलो. आणि मंगळवारी भर दुपारी, भट्टी चालू असताना, कुणाला न सांगता कामाला बसलो. दोन मिनिटांचं तर काम!

बंद मात्र नीट केलं. आधी विंडो काढली, मग कनेक्शन उघडं आहे हे तपासून ते बंद केलं, प्रोग्राममधली त्या कनेक्शनची खूण, म्हणजे पॉइंटर, नल करून पुसली — चुकून दुसऱ्यांदा बंद व्हायला नको. प्रोग्राम व्यवस्थित संपला.

तेवढ्यात खालून आरडाओरडा. धावत गेलो. भट्टीचं बूड फुटून लोखंड जमिनीवर वाहत होतं. भट्टी सांभाळणारे तात्या सगळ्या माणसांना घेऊन शेडबाहेर उभे. एकालाही चटका नाही.

"साहेब, तुमच्या स्क्रीननं वाचिवलं बघा! आकडा सरासरा चढाय लागला. म्हटलं, पळा रं! भाईर आलो आन् फुटली की!"

"तात्या, स्क्रीन बंद होता. मीच बंद केला होता."

"चेष्टा करताय व्हय? आमी सगळी आंधळी हाय?"

मी आत पाहिलं. स्क्रीन काळा होता.

सेन्सरची नोंद नंतर तपासली. तापमान चढलंच नव्हतं; बूड आतून झिजून फुटलं होतं. म्हणजे मी कनेक्शन बंद केलं नसतं, तर स्क्रीनवर नेहमीचाच आकडा राहिला असता... आणि ती माणसं तिथंच उभी राहिली असती. मग त्यांना दिसलेला आकडा कुणी काढला? मला माहीत नाही.

मालकांनी सत्कार केला, शाल घातली. स्क्रीन मीच बंद केला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. तात्यांना मात्र ते पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. ते हसतात, आणि माझ्या स्क्रीनच्या भरवशावर आता भट्टीला पूर्वीपेक्षा जवळ उभे राहतात.