टोचली तर बरी

"घाला हात. टोचली तर बरी हाय."

सुस्त कोंबडीपुढे उकिडवे बसून आमचे शेजारी एवढंच फर्मावायचे. स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे.

इस्लामपुरात माझी पिठाची गिरणी आहे आणि मागच्या परसात चार कोंबड्या. शेजारचे हे गृहस्थ फौजेतून निवृत्त झालेले. गल्ली त्यांना सुभेदार म्हणायची, मी आबा. बायको वारल्यावर तिच्या कोंबड्या त्यांच्या वाट्याला आल्या. ते रोज सकाळी त्यांची हजेरी घ्यायचे.

तुम्ही कोंबड्या पाळल्या असतील तर तुम्हाला ठाऊकच आहे. अंड्यांवर बसायला आलेली खुडूक कोंबडी आणि आजारी कोंबडी लांबून सारखीच दिसते. पिसं फुगवते, कोपरा धरते, दाण्याला तोंड लावत नाही. खुडूक असली तर तिच्याखाली अंडी ठेवायची, आजारी असली तर बाकीच्यांना लागण व्हायच्या आत वेगळी काढायची. माझ्या सासूबाईंच्या मते दोन्हीवर उपाय एकच, रस्सा.

माझी काबरी एकदा पोत्यांमागे जाऊन बसली ती उठेना. सासूबाई खोबरं भाजायला लागल्या. मी आबांना हाक मारली. त्यांनी हुकूम दिला, मी हात घातला. काबरीनं मनगटाचं सालटं काढलं.

"लय बरी हाय," आबा खूश होऊन म्हणाले. "अंडी ठेवा."

मी आधी हळद लावली, मग अंडी ठेवली.

हीच परीक्षा ते माणसांनाही लावायचे. गल्लीतली एक म्हातारी दवाखान्यातून घरी आली आणि डोळे मिटून पडून राहिली. घरचे घाबरले. आबांनी उशाशी बसून तिच्या सुनेच्या स्वयंपाकाचं कौतुक केलं. म्हातारीनं मान उचलून सुनेचा उद्धार केला. आबा बाहेर येऊन म्हणाले, "काय झालेलं न्हाई. खिचडी द्या तिला."

टोचण्यात ते स्वतःही कमी नव्हते. बायकोनं विणलेली लाल कानटोपी बारा महिने डोक्यावर असायची, आणि तिला कुणी हात लावायचा नाही. धुणंवालीनं एकदा न विचारता ती भिजवली, तर आबांनी तिला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं झापलं. टोपी वाळेपर्यंत दोरीखाली खुर्ची टाकून बसले होते.

दिवाळीला पुण्याहून मुलगी आली. कोंबड्या कुणाला तरी देऊन टाका आणि माझ्याकडे चला, म्हणाली. आबांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. ती परत गेल्यावर त्यांचं जेवण तुटलं, हजेरी बंद झाली. खाटेवर पडून असायचे. डॉक्टरचं नाव काढलं की भिंतीकडे वळायचे.

मुलगी मला रोज फोन करायची. "काकू, खरं सांगा. बाबा आजारी आहेत की माझ्यावर रुसलेत? रुसले असतील तर मला बघून आणखी भडकतील."

मी भाकरी आणि कालवण घेऊन गेले. ताट खाली ठेवलं आणि सरळ त्यांच्या डोक्यावरची कानटोपी काढून घेतली.

"आबा, लय मळलीय ही. धुवायला नेते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"न्या," म्हणाले.

मी दारातूनच पुण्याला फोन लावला. रुसलेले नाहीत, आत्ता निघ, एवढंच सांगितलं.

ती संध्याकाळपर्यंत पोहोचली. दवाखाना झाला, सलाईन झालं, आणि मग डॉक्टरांनीच घरी न्या म्हणून सांगितलं. थोडे दिवस मिळाले. लेकीच्या हातची पेज घेत होते, तिच्याशी बोलत होते. टोपी मी धुतली नव्हती. तशीच परत नेऊन डोक्यावर घातली. शेवटपर्यंत ती तिथंच होती.

त्यांच्या कोंबड्या आता माझ्याकडे आहेत. परवा त्यातली तांबडी पोत्यांमागे जाऊन बसली. पिसं फुगवलेली, दाण्याकडे बघायला तयार नाही. सासूबाईंनी खोबऱ्याचा डबा काढला. मी गिरणी बंद केली, तिच्यापुढे उकिडवी बसले आणि हात घातला.

चांगलीच टोचली.

मी अंडी आणायला उठले.