माल पोचला नाही

दर सोमवारी अकराच्या सुमारास ती जिना चढून यायची, पिशवीतून प्लास्टिकच्या खोळीतलं सर्टिफिकेट काढायची, माझ्या काउंटरवर पालथं ठेवायची आणि त्यावर पंजा दाबून म्हणायची, "माल पोचला नाही, भाऊ."

ना राम राम, ना कसं काय. मग भिंतीलगतच्या बाकड्यावर जाऊन बसायची, ती थेट तीनच्या गाडीपर्यंत.

असं एखादं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. कचेरीत, बँकेत, शाळेच्या ऑफिसात. एकच गोष्ट मागायला येतं, आवाज चढवत नाही आणि जातही नाही. ओरडणाऱ्याला हाकलता येतं हो. बसून राहणाऱ्याचं काय करायचं? पहिल्या महिन्यात तर मला तिचा असा राग यायचा की सोमवार उजाडूच नये असं वाटायचं.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे राग कोणावर धरायचा ते तुम्हाला ठरवता येईल. यवतमाळात लोहाऱ्याकडे, एमआयडीसीच्या रस्त्याला, एका गोदामाच्या माडीवर आमची संस्था होती. सहा महिन्यांत रुग्णसेविका. पाटीवर 'दहावी पास/नापास' असं होतं, पण आमच्या मालकांचं, म्हणजे सरांचं, मत असं की फी जमा झाली की सगळे पास. चौकशीला आलेल्यांशी गोड बोलणारा मी, फी घेणारा मी, पावती फाडणारा मी. "हॉस्पिटलात नेऊन शंभर टक्के प्रॅक्टिकल" हे वाक्य दिवसातून दहा वेळा म्हणणाराही मीच. सरांनी ते माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं.

ती बोरी अरबच्या पलीकडच्या एका बंजारा तांड्यावरची. वय पंचेचाळिशीचं, शिक्षण सातवी. वर्गातल्या बाकीच्या पोरी अठरा-वीसच्या. पहिल्या दिवशी ही वर्गात शिरली तर पोरी उठून उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं मॅडम आल्या. तांड्यावर तिला सगळे याडी म्हणत. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. पोरींनी ते उचललं, आधी टवाळी म्हणून आणि मग तोंडात बसलं म्हणून. मी मात्र मावशी म्हणायचो. ऑफिसातल्या माणसानं जरा अंतर ठेवून राहावं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

फॉर्म भरताना मी तिला विचारलं होतं, की या वयात हे कायले? तिनं सांगितलं, सासू सव्वा वर्ष खाटेवर होती. अर्धं अंग गेलेलं. हिनं तिचं हगणं-मुतणं सगळं काढलं, पण पडलेल्या माणसाला किती वेळानं कुशीवर वळवायचं, हे हिला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हातारीच्या पाठीला जखमा झाल्या. हिनं हळद भरली, कोणी सांगितलं म्हणून राख भरली.

"अंदाजानं केलं, भाऊ," ती म्हणाली. "माह्या अंदाजानं म्हातारी गेली. आता शिकून करीन."

फीसाठी तिनं त्याच सासूच्या अंगावरची चांदी मोडली होती. म्हातारीनं जाताना हिच्याच हातात दिलेली. मी हे सगळं ऐकलं, मान डोलावली आणि म्हणालो, "काळजी करू नका मावशी, शंभर टक्के प्रॅक्टिकल." आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

शिकवायला एक मॅडम होत्या, त्या दोन महिन्यांत लग्न होऊन गेल्या. त्यानंतर पडद्यावर व्हिडिओ. प्लास्टिकचा एक पुतळा होता, त्याचा डावा हात खांद्यातून निखळायचा, त्यामुळे एकीनं ब्लड प्रेशर मोजायचं तर दुसरीनं हात धरून ठेवावा लागे. सुई टोचायचा सराव मोसंबीवर. पोरी खिदळत टोचायच्या आणि तास संपला की तीच मोसंबी सोलून खायच्या. ही मोसंबी हातात घेऊन नुसती बसायची. एकदा मला म्हणाली, "हे ओरडत नाही, भाऊ. माणूस ओरडते. तवा हात कसा ठेवायचा?" मला काय ठाऊक? मी बी.कॉम.

हॉस्पिटलात नेलं नाही असं नाही. एकदा नेलं. भाड्याचे पांढरे कोट घालून सगळ्यांना व्हरांड्यात उभं केलं, फोटो काढला, समोसा दिला आणि परत आणलं. त्या फोटोचं आम्ही मोठं बॅनर केलं. त्यात ती मागच्या रांगेत आहे. सगळ्या पोरी कॅमेऱ्याकडे बघून हसतायत, आणि ही मान वळवून वॉर्डाच्या दाराकडे बघते आहे.

परीक्षेत उत्तरं फळ्यावरच लिहून दिली. सगळ्या अ श्रेणीत पास. सोनेरी काठाचं सर्टिफिकेट आणि एकेक पेढा, दोन्ही माझ्याच हातानं. पोरी खुशीत घरी गेल्या. पुढच्या सोमवारी ही परत हजर. हा कागद ठेवून घ्या, माझे पैसे वापस द्या.

पावतीच्या मागं बारीक अक्षरात लिहिलं होतं की फी परत मिळणार नाही. मी तिला ते वाचून दाखवलं. तिनं पावती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "शिकवणार नाही, असं कुठं लिहिलं आहे?" मी ती पावती घेऊन सरांकडं गेलो. तेव्हापासून ते सोमवारी नागपूरला जाऊ लागले. म्हणजे आतल्या खोलीत बसू लागले.

बाकड्यावर बसून ती काही भांडत नसे. दुपारी फडक्यातली भाकर सोडायची, अर्धी मला द्यायची. मी आधी नको म्हणायचो, मग खायचो. पण प्रवेशाच्या चौकशीला आलेले लोक तिच्या शेजारीच टेकत, आणि माणूस दवाखान्यात असो की संस्थेत, शेजारच्याला विचारतोच. कसं आहे हो इथं? ती नीट विचार करून सांगायची. बाकडं चांगलं आहे, पंखा आहे, प्यायला पाणी थंड आहे, शिकवत नाहीत. एक शब्द जास्त नाही की कमी नाही. दोन महिन्यांत प्रवेश निम्म्यावर आले.

सरांनी मग डोकं चालवलं. ओळखीच्या एका छोट्या दवाखान्यात बाई हवी होती. सर्टिफिकेट दाखवलं की झालं, महिन्याला पगार सुरू. मला खरंच आनंद झाला. म्हटलं, सुटलो बुवा एकदाचे, तीही आणि मीही. मोठ्या उत्साहानं मी तिला ती बातमी दिली.

तिनं विचारलं, "तिथं सुई कोण देईन?"

"तुम्हीच की मावशी."

"मंग नाही. मले येत नाही."

मी चिडलो. म्हटलं, बाकीच्या पोरी लागल्याच ना कामाला? तुम्ही का मोठ्या हरिश्चंद्र? कागद आहे, नोकरी आहे, घ्यायला काय जातं? ती चिडली नाही. तिनं मला आपल्या आज्याची गोष्ट सांगितली. आज्याच्याही आधीपासून त्यांचे लोक बैलांवर मीठ-धान्य लादून मुलुखभर वाहायचे. नदी उतरताना एखादी गोणी भिजायची, मीठ विरघळायचं. तेव्हा मुक्कामाला पोचल्यावर भिजल्या गोणीत वरून कोरडं मीठ घालून ती कोणी व्यापाऱ्याच्या पदरात घालत नसे. सरळ सांगायचं, माल पोचला नाही, आणि त्या गोणीचं भाडं सोडायचं.

"हा कागद वरचं मीठ आहे, भाऊ," ती म्हणाली. "खाली गोणी रिकामी आहे. मी कोणाच्या दारात नेऊन टाकू?"

मी आत जाऊन सरांना सांगितलं, नोकरी नको म्हणते. 

त्यानंतर एका सोमवारी तिनं पहिल्यांदा माझ्याकडं काही मागितलं. कोण्या वकिलानं तिला सांगितलं होतं, की ग्राहक मंचात तक्रार होईल, पण छापील कागदात प्रॅक्टिकल हा शब्दच नाही. तो शब्द तोंडी दिलेला. "तुम्हीच म्हणलं होतं ना, भाऊ? तेवढं लिहून द्या." मी तिच्याकडं पाहिलं, आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. घरी म्हातारी आई, बायको, शाळेत जाणारी पोरगी. मी म्हणालो, पाहतो. तिला कळलं. म्हणाली, "राहू द्या. तुमचंही पोट आहे. मी येत राहीन." तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चार सोमवार मी ते ओझं घेऊन फिरलो. पाचव्या सोमवारी घाटंजीकडचा एक बाप पोरीला घेऊन आला. पोरगी हुशार दिसत होती, डोळे कसे टवटवीत. बापानं सगळं विचारून शेवटी विचारलं, "अन् हॉस्पिटलात नेऊन शिकवता ना?" मी तोंड उघडलं. वाक्य तयारच होतं, जिभेवर. याडी माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. ती आपली भाकरीचं फडकं सोडत होती. आणि मला ते वाक्य काही केल्या म्हणता येईना.

"नाही," मी म्हणालो. "नेत नाहीत."

बाप-लेक जिना उतरून गेले, तसा मी एक कोरा कागद घेतला आणि लिहिलं, की हॉस्पिटलात नेऊन शिकवू असं मी या बाईंना सांगितलं होतं, आणि तसं शिकवलं गेलं नाही. खाली सही. तिनं तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, घडी करून पिशवीत ठेवला आणि मला अर्धी भाकर दिली.

तिनं आत धाडलेली त्या कागदाची झेरॉक्स पाहून सरांचं नागपूर एकदम जवळ आलं. मला घरभेदी म्हणाले, आणखी काय काय म्हणाले ते इथं लिहिण्याजोगं नाही. पण तक्रार नको म्हणून पंधरा दिवसांत त्यांनी पैसे काढून ठेवले. तिनं सर्टिफिकेट सुलटं करून काउंटरवर ठेवलं, पैसे मोजून घेतले आणि त्यातल्या पाचशेच्या दोन नोटा सरांपुढं सरकवल्या. सर बघतच राहिले. "सहा महिने तुमच्या पंख्याखाली बसलो ना," ती म्हणाली. "तेवढं भाडं तुमचं."

महिनाअखेरीस माझी नोकरी गेली. मी मोठा धीराचा नाही. घरी येऊन म्हटलं, त्या बाईनं माझी नोकरी खाल्ली. बायको म्हणाली, बरं झालं, तसंही त्या वाक्यानं तुम्हाला झोप येत नव्हती, आता भाजी काय आणायची ते सांगा. पुढं बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान टाकलं, ते बरं चाललं.

याडी मधूनमधून दुकानावर यायची. कधी अंबाडीची भाजी, कधी तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन. त्या पैशांवर तिनं शहरात खोली केली होती आणि एका मोठ्या हॉस्पिटलात आया म्हणून लागली होती. वर्षभर पेशंटची भांडी धरली, चादरी बदलल्या. तिथल्या एका जुन्या सिस्टरनं तिच्यातली चिकाटी हेरली आणि तिला एकेक काम हाताला धरून शिकवलं. मग ती घरोघरी खाटेवरच्या पेशंटचं करू लागली.

तीन वर्षांनी माझी आई न्हाणीत पडली. तिचंही अर्धं अंग गेलं. दुकान चार दिवस बंद पाहून याडी विचारत विचारत घरी आली. आईला पाहिलं, हात धुतले आणि दिवसाचा रोज किती ते सांगितलं. बायकोला वाटलं, ही ओळखीची, काही कमी करेल. ती म्हणाली, "पुरता रोज लावा, बाई. फुकटचं काम अंदाजानं होते."

पाच महिने तिनं दर दोन तासांनी आईला वळवलं. रात्रीसाठी बायकोला शिकवलं. खाटेजवळच्या भिंतीवर पेन्सिलीनं डावी, उजवी अशा खुणा करायची. आणि रोज संध्याकाळी जाण्याआधी मला हाक मारायची, "या भाऊ, पाहून घ्या." म्हणजे आईची पाठ मी पाहायची. मला संकोच वाटायचा, आईलाही वाटत असेल. मी म्हणायचो, तुम्ही आहात ना, मी कायले पाहू? पण ती ऐकायची नाही. ज्याचा माल आहे त्यानं पाहिलाच पाहिजे, म्हणायची.

माघातल्या एका सकाळी आई गेली. याडी नुकतीच आली होती. बायको रडत होती, मी फोन शोधत होतो आणि मला फोन सापडत नव्हता. याडीनं आईचं तोंड पुसलं, हातपाय सरळ केले, दार लोटलं आणि मला जवळ बोलावलं. मग तिनं आईला कुशीवर घेतलं, रोज घ्यायची तसंच, मानेखाली हात देऊन, दुखू नये असं.

"पाहून घ्या, भाऊ."

मी पाहिलं. एक लाल डागसुद्धा नव्हता. डोळे भरून आले, नीट दिसेना, तरी मी पुसून पुन्हा पाहिलं, कारण याडीला तसंच आवडलं असतं.

"पोचला, याडी," मी म्हणालो. त्याआधी मी तिला कधी याडी म्हटलं नव्हतं.

तिनं मान हलवली. आईला अलगद उताणं केलं, पदर नीट केला.

"आता लोकायले बोलवा," ती म्हणाली.